वॅटचा कमाल भाव

जुना संगणक भंगारात निघाला, की त्यातली एक वस्तू हमखास विद्यार्थ्यांच्या हाती लागते. मागच्या बाजूला पंखा असलेली, वायरींचे जाडजूड शेपूट फुटलेली पत्र्याची पेटी. संगणक दुरुस्त करणारे तिला ‘एसएमपीएस’ म्हणतात. घरातल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज तयार करणे हे तिचे काम. या पेटीवर मोटारगाडीचा ध्वनिवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि गाडीचेच स्पीकर चालवण्याचा प्रकल्प शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत वरचेवर दिसतो.

कृती सोपी आहे. १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ नावाची पद्धत आली, तेव्हापासून या पेट्यांच्या वायरींचे रंग ठरून गेले आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट, काळी शून्य. हिरवी वायर काळीला जोडली की संगणक नसतानाही पेटी चालू होते आणि पंखा फिरू लागतो. गाडीतला ॲम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच बनवलेला असतो, तो पिवळ्या आणि काळ्या वायरींमध्ये जोडायचा. स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायचे, संगणकातून किंवा मोबाइलमधून गाणे सोडायचे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागात प्रकल्प चपखल बसतो. आवाज दणदणीत येतो, टेबलाभोवती गर्दी जमते, आणि बक्षिसाची आशाही असते.

मला हा प्रकल्प आवडतो. त्याच्या मागे टांगलेला तक्ता मात्र आवडत नाही. तक्त्यावर साधारण असे लिहिलेले असते : ‘विद्युतपुरवठा ४५० वॅट, ॲम्प्लिफायर ५० × ४ वॅट, स्पीकर १००० वॅट.’ तीन आकडे, तिन्ही वॅटमध्ये, आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. पुरवठा ४५० वॅटचा असेल, तर स्पीकरमधून १००० वॅट बाहेर येणार कुठून? ज्या मुलाने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाठ केला आहे, ज्याने शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा या सूत्रावरची पाचपन्नास उदाहरणे सोडवली आहेत, त्याच मुलाच्या सुवाच्य अक्षरात हा तक्ता लिहिलेला असतो. त्याला हा प्रश्न पडत नाही. तक्ता तपासणाऱ्या शिक्षकांना आणि परीक्षकांनाही तो पडत नसेल, तर आपण ते सूत्र शिकवले कशासाठी?

लासलगावच्या मुलांना तर हा प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा. इथल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला, की दिवसाचे भाव तीन आकड्यांत सांगितले जातात : किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. माल निवडक, एकसारखा, वाळलेला, आणि नेमके त्या क्षणी दोन व्यापारी ईर्षेला पेटलेले. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत तोच भाव छापून येतो. पण घरी बसून बियाणे, खत, मजुरी आणि ट्रॅक्टरभाडे यांचा हिशेब मांडणारा शेतकरी कमाल भावाने हिशेब मांडत नाही. तो सरासरी धरतो, आणि तीही थोडी कमीच. शिवाय ट्रॉली आधी भरलेली काट्यावर जाते, मग रिकामी. पैसे मिळतात ते दोन वजनांतल्या फरकाचे. इथल्या घराघरांत मुलाच्या कानावर हे लहानपणापासून पडत असते. तेच मूल स्पीकरच्या खोक्यावरचा आकडा मात्र काट्यावर न घालता घेते.

त्या खोक्यावर १००० वॅटच्या पुढे बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ असे लिहिलेले असते. ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’ याचे ते लघुरूप. १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डर आणि संगणकाच्या छोट्या स्पीकरवर त्याची रेलचेल होती आणि अजूनही ते पुरते गेलेले नाही. ही शक्ती किती वेळ टिकायला हवी, आवाज किती फाटलेला चालेल, कोणत्या रोधावर मोजायचे, याचा कोणताही सर्वमान्य नियम नाही. म्हणून एकाच स्पीकरवर एक कारखानदार २०० लिहू शकतो आणि दुसरा २०००, आणि दोघांनाही खोटे ठरवता येत नाही. लिलावच न झालेल्या कांद्याचा हा कमाल भाव म्हणायचा! अमेरिकेत १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम करून सलग देता येणारी शक्ती सांगणे बंधनकारक केले, ते याच गोंधळामुळे. गाडीतल्या ॲम्प्लिफायरसाठी तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये मापनाची पद्धत ठरवली : १४.४ व्होल्टचा पुरवठा, ४ ओहमचा स्पीकर आणि शेकडा १ पेक्षा जास्त विकृती नको.

आता आपला काटा काढू. त्यासाठी नववी-दहावीच्या पलीकडचे काही लागत नाही.

गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात. (घरातले बहुधा ८ किंवा ६ ओहमचे. बॅटरी १२ व्होल्टचीच असल्यामुळे त्यातून जास्त धारा खेचण्यासाठी गाडीच्या स्पीकरचा रोध मुद्दाम कमी ठेवतात.) पुरवठा १२ व्होल्टचा. ॲम्प्लिफायर कितीही चांगला असला, तरी स्पीकरच्या दोन टोकांमध्ये तो १२ पेक्षा जास्त व्होल्ट आणू शकत नाही, आणायचे कुठून? म्हणजे विद्युतधारा जास्तीत जास्त १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर. त्या क्षणाची शक्ती १२ × ३ = ३६ वॅट. पण ध्वनीची लहर सतत वरखाली होते, शिखरावर ती क्षणभरच असते. शुद्ध स्वराच्या, म्हणजे ज्या आकाराला गणितात साइन लहर म्हणतात तिच्या बाबतीत सरासरी शक्ती शिखरावरच्या शक्तीच्या बरोबर निम्मी येते. म्हणजे १८ वॅट. ट्रान्झिस्टरमध्ये दीडदोन व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून प्रत्यक्षात स्पीकरला १२-१३ वॅट मिळाले तरी समाधान मानावे.

आणि हेही कधी? ॲम्प्लिफायर ‘ब्रिज’ पद्धतीचा असेल तेव्हा. या पद्धतीत स्पीकरच्या दोन्ही टोकांना ॲम्प्लिफायर जोडलेले असतात, एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो, आणि पूर्ण १२ व्होल्ट कामी येतात. साध्या पद्धतीत स्पीकरचे एक टोक शून्यावर असते आणि लहरीला वर ६ व खाली ६ व्होल्टच मिळतात. व्होल्ट निम्मे म्हणजे शक्ती पाव. १८ चे साडेचार झाले!

हे कागदी गणित आहे, अशी शंका कोणी घेईल. मग ‘टीडीए २००३’ या आयसीचे माहितीपत्रक पाहावे. हौशी मंडळींच्या हातून ही आयसी गेली नाही असे सहसा होत नाही. तिचे वर्णन ‘१० वॅटचा कार रेडिओ ॲम्प्लिफायर’ असे केलेले असते. तिच्या तक्त्यात १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमसमोर आकडा आहे ६ वॅट, आणि तोही शेकडा १० विकृती मान्य करून. आपल्या सूत्राने काढून पाहा. शिखर ७.२ व्होल्ट, त्याचा वर्ग ५१.८४, भागिले ४, त्याचे निम्मे. उत्तर ६.४८. माहितीपत्रक आणि शाळेचे सूत्र एकमेकांना धरून आहेत. मग वर्णनातले १० वॅट? ते २ ओहमच्या स्पीकरवरचे. आकडा खोटा नाही, पण कोणत्या अटीवर तो दिला आहे ते वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

‘५० × ४’ चे कोडेही असेच सुटते. गाडीचे इंजिन चालू असताना पुरवठा १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. ब्रिज पद्धतीत शुद्ध स्वरासाठी १४.४ चा वर्ग भागिले ४, त्याचे निम्मे, म्हणजे २६ वॅट येतात. पन्नास कसे येतील? निम्मे करायचे सोडून दिले तर! आवाज इतका वाढवायचा, की लहरीची टोके छाटली जाऊन ती चौकोनी होते आणि सगळा वेळ शिखरावरच राहते. १४.४ × १४.४ ÷ ४ = ५१.८४. पन्नास वॅटचा आकडा गाठण्याचा हाच मार्ग उरतो. अशा लहरीत गाणे ओळखू येईल, पण ऐकवणार नाही.

याहूनही सोपी कसोटी डेकच्या पाठीमागे खोचलेली असते. तिथे बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १० अँपिअर धरले, तर १४.४ × १० = १४४ वॅट; यापेक्षा जास्त शक्ती हे यंत्र सतत घेऊच शकत नाही. यातले साधारण शेकडा ६० स्पीकरपर्यंत पोचतात असे मानू. या जातीच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता तत्त्वतःसुद्धा शेकडा साडेअठ्ठ्याहत्तरच्या वर जात नाही. उरले ८६ वॅट, चार वाटे केले की साडेएकवीस. खोक्यावर २०० आणि फ्यूजवर ८६. कारखानदार जाहिरातीत काहीही लिहो, फ्यूजच्या बाबतीत त्याला खरे बोलावेच लागते. नाहीतर गाडी पेटेल.

(काही मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये १२ व्होल्टचे आधी जास्त व्होल्ट करून घेण्याची सोय असते. ते खरोखरच शंभरावर वॅट देतात, पण वीस-तीस अँपिअर मागतात. संगणकाच्या पेटीला ते पेलण्याची शक्यता कमी.)

आता तक्त्यावरचा पहिला आकडा, पुरवठ्याचे ४५० वॅट. हा आकडा पेटीच्या सर्व वायरींचा मिळून असतो. पेटीच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर प्रत्येक व्होल्टसमोर किती अँपिअर मिळतील ते छापलेले असते, आणि आपल्याला फक्त १२ व्होल्टची ओळ कामाची आहे. जुन्या पेट्यांत शक्तीचा मोठा वाटा ५ आणि ३.३ व्होल्टला दिलेला असे, कारण त्या काळातले संगणक तीच वीज जास्त खात. समजा १२ समोर १० अँपिअर लिहिले आहेत. म्हणजे १२० वॅट. पेटी ४५० ची असो की २५० ची, आपल्या प्रकल्पापुरती ती १२० चीच.

आणखी एक भानगड जुन्या पेट्यांत आढळते. पेटीतली नियंत्रण-यंत्रणा मुख्यतः ५ व्होल्टवर लक्ष ठेवून असते. लाल वायरीवर काहीच भार नसेल तर तिला वाटते सगळे ठीक आहे, आणि इकडे पिवळ्या वायरीवर भार पडून १२ चे ११ झाले तरी ती सावरत नाही. मुले तक्रार करतात की ‘बॅटरीवर मस्त वाजते, एसएमपीएसवर दबते’. त्यावर लाल आणि काळ्या वायरींत १० ओहम, १० वॅटचा तारेचा रोध जोडतात. ही युक्ती बरोबर आहे, पण तक्त्यावर ती ‘आवाज सुधारण्यासाठी’ एवढ्याच शब्दांत येते. अर्धा अँपिअर वाया घालवल्याने आवाज कसा सुधारेल, हे विचारायला हवे होते.

ढोलाच्या ठोक्याला सगळे एकदम बंद पडण्याचा प्रकारही यातलाच. गाण्याची सरासरी शक्ती कमी असली, तरी ठोक्याला विद्युतधारा क्षणभर उसळते. पेटीतली संरक्षक यंत्रणा तो शॉर्टसर्किट समजते आणि पुरवठा तोडते. मुख्य बटण बंद करून थोडा वेळ थांबल्याशिवाय ती पुन्हा चालू होत नाही. हाच ॲम्प्लिफायर वापरातल्या संगणकाच्या मोकळ्या प्लगवरून चालवला असेल, तर ठोक्याबरोबर संगणकही बंद. कार्यालयातल्या संगणकावर निकालपत्रके तयार होत असताना हा प्रयोग करू नये.

इतक्या खटपटीनंतर विचारायचा प्रश्न असा, की इतकी शक्ती हवी कोणाला? इथे या प्रकल्पाची दुसरी उणीव दिसते. तक्त्यावर वॅट असतात, डेसिबल कुठेच नसतात. जणू वॅट म्हणजेच आवाज. नववीच्या पुस्तकात धाराविद्युत आणि ध्वनीचा अभ्यास ही दोन्ही प्रकरणे आहेत. मुलांच्या डोक्यात ती दोन वेगळ्या कप्प्यांत राहतात.

स्पीकर विजेचे ध्वनीत रूपांतर करतो, पण अगदी कंजूषपणे. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर साधारण बरा समजतात. हिशेब केला तर त्याला दिलेल्या विजेपैकी शेकडा एक हिस्साही ध्वनी होत नाही, उरलेली सर्व उष्णता होते. आणि तरीही १ मीटरवरचे ९० डेसिबल म्हणजे किती? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. ४ मीटरवर ७८ उरले. माणसाचे साधे बोलणे १ मीटरवर ६० च्या आसपास असते. म्हणजे एका वर्गाला एक वॅट पुरून उरतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिळून आणखीच जास्त.

शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. मघाचे १८ आणि २६ वॅट आठवा. १२ व्होल्टऐवजी १४.४ व्होल्ट मिळाले म्हणून जो फायदा झाला तो १.६ डेसिबलचा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला तो जेमतेम कळेल. तेवढ्यासाठी पेटीत फेरफार करून व्होल्ट वाढवण्याचा खटाटोप काही हौशी मंडळी करतात, त्यांना हा हिशेब जरूर दाखवावा.

दुसऱ्या टोकाला, याच स्पीकरला १० वॅट दिले तर १ मीटरवर १०० डेसिबल होतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये दिलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ सहन करावा. १०० डेसिबलला तो वेळ १५ मिनिटे येतो. प्रदर्शनाच्या टेबलामागे दिवसभर उभ्या असलेल्या दोन मुलांच्या कानांचा विचार कोणी करतो का? आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५०. मिरवणुकीतल्या भिंतींवर आपण वर्गात टीका करतो आणि प्रदर्शनात ज्याचा आवाज मोठा त्याच्या टेबलाशी थांबतो.

या प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग, माझ्या मते, माठ. आणि तक्त्यावर त्याला जागा मिळते एका ओळीची : ‘माठामुळे बेस वाढतो.’ का वाढतो? स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर नुसता हातात धरला, तर पुढचा दाब कडेने वळून मागची पोकळी भरून काढतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि स्पीकर जेमतेम वीतभर. त्याच्या कडेने वळसा घालायला लहरीला काहीच आडकाठी नाही. ३००० हर्ट्झच्या बारीक स्वराची तरंगलांबी ११ सेंटिमीटर. तिथे हे खाऊन टाकणे तितकेसे जमत नाही. म्हणून उघडा स्पीकर किरकिरतो, खर्ज गायब होतो. गाडीत दाराचा पत्रा पुढचे आणि मागचे वेगळे करतो. माठ तेच काम करतो.

वर्गात हे दाखवायला पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा पुरतो. त्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडा. गाणे चालू ठेवून स्पीकर आधी मोकळा धरा आणि मग भोकावर दाबून बसवा. खर्ज एकदम उमटतो, मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. एक वॅटही वाढवलेला नसतो. ध्वनीच्या प्रकरणातला इतक्या कमी खर्चाचा आणि इतका स्पष्ट प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

माठाचे गुणदोष मात्र दोन्ही सांगावेत. तो गोल आहे, समोरासमोर सपाट भिंती नाहीत, आणि भाजलेली माती पातळ प्लायवुडइतकी थरथरत नाही. हे चांगले. पण तोंडावर स्पीकर बसल्यावर आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. माठ लहान असेल तर ती स्प्रिंग ताठ, पडद्याला मोकळेपणे हलू देत नाही, आणि खोल खर्ज उलट कमी होतो. एकाच स्वराला ‘बुम्म’ असा घुमारा येत राहतो. जुन्या गोधडीची चिंधी किंवा कापूस सैलसर भरला की तो बराच आवरतो. आणि माठ विकत घेताना आपण जसा बोटांनी वाजवून घेतो, तसाच इथेही घ्यावा. बारीक तडा असेल तर तो खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला फुरफुरतो.

आता ज्या बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही ती बाब. काही टिपणांत पेटी उघडून नको त्या वायरी कापाव्यात, आतला पंखा साफ करावा, असे सांगितलेले असते. हे विद्यार्थ्यांनी करायचे नाही. पेटीत २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आधी सरळ केली जाते आणि तिचे शिखर धारित्रांमध्ये साठते : २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. पिन काढल्यावरही ही धारित्रे काही काळ भरलेली राहू शकतात. बाहेरच्या पिवळ्या वायरीला हात लावून काही होत नाही, म्हणून मुलांची भीती चेपते आणि मग हात आत जातो. नको असलेल्या वायरींची टोके बाहेरूनच एकेक करून चिकटपट्टीने गुंडाळावीत; पेटीचे स्क्रू काढू नयेत.

दुसरे, अर्थिंग. अशा पेटीत मुख्य विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे जाणारी दोन छोटी धारित्रे असतात. विजेतला खरखराट जमिनीत सोडून देणे हे त्यांचे काम. सॉकेटचे तिसरे भोक जमिनीला जोडलेले नसेल, तर या दोन धारित्रांच्या मधोमध अडकलेला पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. धारा अगदी थोडी असते, पण अनवाणी उभ्या मुलाला झिणझिण्या येतात आणि टेस्टरचा दिवा पेटतो. पुष्कळ जुन्या इमारतींत ते तिसरे भोक केवळ शोभेचे असते. ‘एसएमपीएसला थोडा करंट असतोच’ असे सांगून ही गोष्ट सोडून दिलेली मी ऐकली आहे. सोडून देऊ नये; वायरमनला बोलवावे.

पेटी आणि गाणे दोन्ही एकाच संगणकाची असतील, तर स्पीकरमधून एक बारीक किणकिण येते, आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो. यात गूढ काही नाही. ॲम्प्लिफायरची परतीची विद्युतधारा काळ्या वायरीने जायला हवी, पण ध्वनीच्या केबलची जाळीही त्याच शून्याला जोडलेली असल्यामुळे थोडी तिकडूनही जाते. त्या जाळीच्या रोधावर पडणारे सूक्ष्म विभवांतर ॲम्प्लिफायर इमानेइतबारे वाढवून देतो. काळी वायर जाड आणि आखूड ठेवली की किणकिण कमी होते. पुरवठा वेगळ्या पेटीतून आणि गाणे मोबाइलवरून घेतले तर जाते. ब्रिज पद्धतीत स्पीकरची एकही वायर पेटीच्या काळ्या वायरीला किंवा पत्र्याला लावायची नाही, हेही इथेच सांगतो. स्पीकरच्या दोन्ही टोकांवर निम्मे व्होल्ट, म्हणजे ६ व्होल्ट, कायम असतात. ‘मायनस सगळे एकत्र’ ही सवय ॲम्प्लिफायरचे प्राण घेते.

वीज गेल्यावर हा प्रकल्प इन्व्हर्टरवर चालतो, याचे कौतुक करणारी ओळही तक्त्यांवर दिसते. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिचे २३० करायचे, ते पेटीत घालून पुन्हा १२ करायचे. प्रत्येक टप्प्यावर शेकडा ८० वाचले असे धरले, तरी शेवटी ६४ उरतात. हा ॲम्प्लिफायर मुळात बॅटरीसाठीच जन्मला आहे. थेट जोडला तर तो अधिक सुखाने वाजेल. मात्र बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज हवा, कारण शॉर्ट झाल्यावर बॅटरी पेटीसारखी शहाणपणाने बंद पडत नाही, वायर वितळवते.

वर्गात आवाज पोचवणे एवढेच काम असेल, तर याहून साधी वाट आहे. ‘पीएएम ८४०३’ ही आयसी बसवलेली बोटभर पट्टी संगणकाच्या किंवा मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर चालते आणि ४ ओहमच्या दोन स्पीकरना प्रत्येकी ३ वॅट देते, असे तिचे माहितीपत्रक म्हणते. पडताळून पाहा : ५ चा वर्ग २५, भागिले ४, त्याचे निम्मे, ३.१. पुन्हा सूत्राला धरून. संगणकाच्या साध्या यूएसबी खोबणीतून अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात, तेव्हा दोन्ही स्पीकर भरात वाजवायचे तर चार्जर घ्यावा; पण वर्गाला लागणारा एक वॅट यूएसबीतूनही निघतो.

पेटीचा प्रकल्प करायचाच असेल, आणि करावाच, तर तक्ता नव्याने लिहावा. पिवळ्या वायरीत १० अँपिअरच्या पट्टीवर अँपिअरमापक जोडून वर्गाला पुरेल इतक्या आवाजात एकच शुद्ध स्वर वाजवावा. अशा ॲम्प्लिफायरकडून दोन स्पीकरना एकेक वॅट मिळत असताना गणिताने सुमारे ०.९ अँपिअर येतात, ॲम्प्लिफायरची स्वतःची थोडी धारा धरून मापक एक अँपिअरच्या पुढे दिसेल. १२ वॅट घेतले, २ दिले, आणि त्या दोनांतले ध्वनी झाले ते शंभरात एकाहून कमी. बाकीचे कुठे गेले ते ॲम्प्लिफायरच्या ॲल्युमिनियमच्या पंखांना हात लावून कळते. मग गाणे लावून ढोलाच्या ठोक्याला धारा किती उसळते ते पाहावे. त्यासाठी आकडे दाखवणारा मीटर कामाचा नाही, त्याचा आकडा बदलेपर्यंत ठोका होऊन जातो. प्रयोगशाळेच्या कपाटातला काट्याचा जुना मीटर काढावा.